आधी घागर, मग बोल

करंजसरच्या टेकडीवर जायला वाट एकच आहे. पायथ्याशी विहीर, विहिरीच्या कट्ट्यावर पालथ्या घातलेल्या अकरा घागरी, आणि तिथून वळणं घेत वर गेलेल्या पायऱ्या. वर भैरोबाचं बुटकं देऊळ. देवळापुढे फरसबंद अंगण आणि अंगणाच्या मधोमध एकाच काळ्या दगडातून कोरून काढलेली डोणी. गुरांना पाणी पाजायला गावोगाव असते तशीच, पण चांगली दोन माणसं आडवी निजतील एवढी लांब. पाहुणे हटकून विचारतात, इतक्या उंचावर गुरं चढतात का हो? नाही चढत. ही डोणी गुरांसाठी नाही, बोलणाऱ्यांसाठी आहे.

गावाची मोठी सभा या अंगणात भरते. रस्ता, गटार, दिवाबत्ती हे विषय करंजसरकर खाली चावडीतच उरकतात. टेकडी चढायची ती राज्याच्या आणि देशाच्या विषयासाठी. दिल्लीत नवा कायदा येऊ घातला, मुंबईत कसलं धोरण ठरू लागलं, निवडणुका एकदम घ्याव्यात की निरनिराळ्या, कांदा परदेशी जाऊ द्यावा की अडवावा, असं काही निघालं की दवंडी होते आणि माणसं वर येतात. ऐकायला कुणीही यावं. पण ज्याला बोलायचं आहे त्यानं विहिरीवर एक घागर भरायची, खांद्यावर घेऊन वर यायचं, ती डोणीत ओतायची आणि मग तोंड उघडायचं. म्हाताऱ्याला तांब्या चालतो, पोटुशीला फुलपात्र चालतं. पण जे काही आणायचं ते ज्याचं त्यानं. दुसऱ्याची घागर आपण आणायची नाही.

या रिवाजानं कित्येकांची फजिती केली आहे. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार कर्णा लावून आला आणि आपली घागर त्यानं एका कार्यकर्त्याच्या खांद्यावर दिली. वर पोचल्यावर गाव त्या कार्यकर्त्याकडे तोंड करून बसलं आणि म्हणालं, बोला. तो बिचारा जन्मात सभेत बोलला नव्हता. घाम पुसत पुसत त्यानं आपल्या वस्तीला दहा वर्षं वीज नाही एवढं सांगितलं आणि खाली बसला. उमेदवार साहेबांना तो आपल्याच पक्षाचा माणूस आहे आणि त्याच्या घरी वीज नाही, हे तिथं कळलं. आणखी एक अधिकारी कुठलीशी सरकारी योजना समजावायला चाळीस पानं घेऊन आले होते. भला माणूस, घागर स्वतः आणली. पण वर आल्यावर दम असा लागला की चाळीस पानं वाचायची सोय राहिली नाही. ते म्हणाले, "योजना चांगली आहे. पण ती तुमच्या गावासाठी केलेली नाही." सगळा गाव म्हणतो, आजवर आलेल्या साहेबांत समजलं ते यांचंच भाषण.

हसून झालं की पाहुणे पुढचा प्रश्न विचारतात, ही युक्ती काढली कुणी? इथं सांगणाऱ्याचा आवाज उतरतो. गावं आपल्या टेकड्यांच्या गोष्टी छाती पुढे काढून सांगतात. कुठे देव प्रकटलेला असतो, कुठे कुणी वीर पडलेला असतो. करंजसरच्या टेकडीवर तसं काही झालेलं नाही. इथं जे झालं त्याची गावाला लाज आहे, आणि ती लाज ज्याच्यापासून सुरू झाली तो गावातला सगळ्यांत चांगला बोलणारा माणूस होता.

संस्थानी काळातली गोष्ट. करंजसरला तेव्हा बसलिंगशेट नावाचा वाणी होता. गूळ, तेल, कापड, मिठापासून मंगळसूत्राच्या मण्यांपर्यंत सगळं त्याच्या दुकानात मिळे. शाळा त्यानं पाहिली नव्हती. पेठेतून कापडाचे गठ्ठे येत ते जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले, आणि त्या कागदांवरून बोट फिरवत तो अक्षर शिकला, असं सांगतात. गठ्ठा सोडला की कापड बाजूला आणि कागद मांडीवर. बातमी सहा महिन्यांपूर्वीची असे, अर्धी फाटलेली असे, पण बसलिंगशेट ती अशी सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा काल तिथं बसून आला. कुठल्या देशात राजा काढून टाकला, कुठं मजुरांनी काय मागितलं, कुठल्या संस्थानात प्रजेला मत विचारतात, सगळं त्याला ठाऊक. गिऱ्हाईक मीठ घ्यायला येई आणि राज्यकारभार ऐकून जाई. स्वभावानं गोड. कुणाला कधी तोडून बोलला नाही. पाटील म्हणायचे, "शेट, तुमच्या जिभेला वंगण कुठलं घालता? आमच्या गाडीलाही घालू थोडं."

त्या वर्षी गादीवर नवे महाराज आले होते. तरुण होते, चार गावं फिरलेले होते, आणि राज्यात काही सुधारावं असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी जाहीरनामा काढला. राज्यात चालत आलेली वेठ बंद करावी की ठेवावी, बंद करावी तर कशी, याचा विचार प्रत्येक गावानं सभा भरवून करावा, आणि एका शहाण्या माणसाबरोबर गावाचं मत वैशाखी पौर्णिमेला दरबारी पाठवावं. ज्या गावाचं मत उत्तम ठरेल त्या गावच्या माणसाला नव्या प्रजासभेत जागा मिळेल, असंही त्यात होतं.

वेठ म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. सरकारी माणूस गावावरून गेला की त्याचं ओझं वाहायचं, त्याच्या घोड्याला वैरण आणायची, त्याच्या मुक्कामाला पाणी भरायचं. मजुरी नाही. नाही म्हणायची सोय नाही. करंजसरमध्ये ही वेठ टेकडीखालच्या कोळवाड्यातल्या अकरा घरांवर होती. पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरणारी माणसं. पाळी लागली की आपलं शेत, आपलं आजारपण बाजूला ठेवून कावड उचलायची.

चैत्र संपत आला होता. चावडीत बसवेना, म्हणून सभा टेकडीवर भरवायचं ठरलं. वर वारा असे. गावचे चाळीस मानकरी पागोटी घालून वर जाऊन बसले. बोलायचं म्हणजे घसा कोरडा पडणार आणि वर पाण्याचा थेंब नाही. तेव्हा पाटलांनी कोळवाड्यात निरोप धाडला. सभा महाराजांच्या हुकमानं भरली आहे, म्हणजे काम सरकारी, म्हणजे वेठीतलं. पाळी कान्हू कोळ्याची होती. वेठीचा विचार करायला बसलेल्या सभेला वेठीनं पाणी आलं. चाळीस शहाणी माणसं तिथं होती. कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. बसलिंगशेटलाही दिसलं नाही.

सात दिवस सभा चालली. तेव्हा पायऱ्या नव्हत्या, शेळ्यांची घसरडी वाट होती. कान्हू कावडीला दोन घागरी लावून दिवसाला चौदा खेपा करी, असं सांगतात. वर आला की एका अंगाला उभा राही आणि ज्याचा हात पुढे येईल त्याच्या ओंजळीत पाणी घाली. डावखुरा होता, डाव्या हातानं घाली.

तिसऱ्या दिवशी बसलिंगशेट बोलायला उभा राहिला. सकाळी उभा राहिला तो उन्हं डोक्यावर येईतो बोलत होता. माणसाच्या पाठीवर माणसाचं ओझं फुकट लादणारं राज्य टिकत नाही, हे त्यानं देशोदेशीचे दाखले देऊन पटवलं. वेठकऱ्याच्या घरी चूल कशी पेटत नाही, पेरणीच्या दिवशी त्याला कसं उचलून नेतात, हे तो असं बोलला की पाटलांनी पागोट्याच्या शेवानं डोळे टिपले. बोलता बोलता घसा सुकला. त्यानं न बघता हात बाजूला केला. ओंजळीत पाणी पडलं. पहिली ओंजळ त्यानं चूळ भरून टाकून दिली, दुसरी प्याला, आणि वेठकऱ्याच्या हालांचं वर्णन जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. ते चूळ टाकलेलं पाणी या गोष्टीत प्रत्येक सांगणारा सांगतोच. ते वगळून ही गोष्ट सांगायची नाही असा दंडक आहे.

वेठ वाईट यावर सभेचं एकमत झालं. मग प्रश्न आला, बंद करायची ती केव्हा. पाटील म्हणाले, एकदम कशी करता येईल? साहेबलोक येणार, त्यांचं सामान काय मी उचलू? वीस वर्षं तरी लागतील. बसलिंगशेट म्हणाला, दहा. हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोन टोकांना उभे राहतात आणि मधे कुठेतरी भेटतात, आणि दोघेही खूश होऊन घरी जातात. त्याच्या दुकानातला गूळही पाटलांच्या मेहेरबानीनं कुणाच्या तरी पाठीवरूनच घाट उतरून येत असे. हे त्याला ठाऊक होतं, पण ध्यानात नव्हतं.

पाचव्या दिवशी वीस आणि दहा यांच्यामध्ये घासाघीस चालली असताना कान्हूनं कावड खाली ठेवली आणि दोन पावलं पुढे आला. सात दिवसांत तो तेवढाच पुढे आला. म्हणाला, "शेटजी, येक सबुद बोलू का?"

सभा चपापली. पाटलांच्या कपाळाला आठी पडली. आता काहीतरी वेडंवाकडं होईल असं बघून बसलिंगशेटनं आपल्या गोड आवाजात वेळ मारून नेली. तो म्हणाला, "अरे कान्हू, हे सगळं तुझंच तर चाललंय. तू पाणी आण. बोलायचं आम्ही बघतो."

चाळीसजण हसले. कान्हूही हसला. हसला आणि कावड घेऊन खाली गेला.

संध्याकाळी आकडा ठरला. बारा वर्षं. दरवर्षी थोडी थोडी कमी करत बाराव्या वर्षी वेठ पूर्ण बंद. असा ठराव झाला की तो पाटलांनाही चालावा, महाराजांनाही आवडावा, आणि बोलणाऱ्याचं नावही व्हावं.

सातव्या दिवशी ठरावावर सह्या व्हायच्या होत्या. माणसं वर जमली, पण पाणी येईना. हाका झाल्या. एकजण खाली जाऊन बघून आला. कोळवाड्यातली अकराही घरं मोकळी होती. चुली गार, दारं ओढून घेतलेली, गुरंढोरं नाहीत. विहिरीच्या कट्ट्यावर अकरा घागरी ओळीनं पालथ्या घातलेल्या होत्या. बारा हा आकडा कोळवाड्यात पोचला होता आणि माणसं मुलंबाळं घेऊन घाटापलीकडे निघून गेली होती.

यावर सभेनं काय करावं? चाळीस माणसं, ऊन वाढत चाललेलं, सगळ्यांना तहान लागलेली, खाली विहीर भरलेली, घागरी समोर. एकही माणूस उठून पाणी आणायला गेला नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत राहिला. शेवटी तहान सोसवेना म्हणून भराभर सह्या केल्या आणि पाणी प्यायला आपापल्या घरी गेले. आमच्या पूर्वजांचं शहाणपण एवढं.

पौर्णिमेला बसलिंगशेट दरबारात उभा राहिला. गावोगावची माणसं आली होती. कुणी म्हणे वेठ आजच मोडा, कुणी म्हणे सोन्यासारखी चाल का मोडता. करंजसरचा ठराव वाचला गेला तेव्हा दिवाण पुढे सरकून बसले. गोड भाषा, कुणाला न दुखावणारी, आणि कुणालाही उद्या काही करायला न लावणारी. महाराजांनी मात्र एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "तुमच्या गावातले वेठ करणारे याला काय म्हणाले?"

बसलिंगशेट साठ प्रश्नांची उत्तरं पाठ करून आला होता. त्यांत हे नव्हतं. रिकामी घरं त्याच्या डोळ्यांपुढे आली. पण प्रजासभेची जागाही समोर होती, आणि शाल तबकात घडी करून ठेवलेली दिसत होती. मग त्याला कान्हूचं हसणं आठवलं. गिऱ्हाईक हसलं की सौदा पटला, हे त्याचं तीस वर्षांचं गणित. तो म्हणाला, "महाराज, त्यांची मान्यता आहे. ते तर आनंदानं हसले."

त्याला शाल मिळाली, प्रजासभेत जागा मिळाली, आणि करंजसरचा ठराव हाच राज्याचा कायदा ठरला. एकशे चाळीस गावांना बारा वर्षं.

घरी परतताना दरबारानं त्याला नारळ, वस्त्रं आणि भांड्यांची एक जड पेटी दिली. सरकारी पाहुणा म्हणून पेटी गावोगावच्या वेठीनं पोचवावी असा हुकूम होता. एका गावचा माणूस शिवेपर्यंत आणी, तिथं दुसऱ्या गावचा उचले. बसलिंगशेटला थोडं चुकल्यासारखं झालं, पण कायद्याप्रमाणे पहिल्या वर्षी वेठ पुरतीच असणार होती, अशी त्यानं मनाची समजूत घातली. घाटाच्या पायथ्याशी पाडळी नावाच्या वस्तीवर माणूस बदलला. नव्या माणसानं कमरेला पाण्याचा भोपळा बांधला, पेटी डोक्यावर घेतली आणि दोघे घाट चढू लागले. अर्ध्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे. बसलिंगशेट दगडावर टेकला. सवयीनं, न बघता, त्यानं हात पुढे केला. ओंजळीत पाणी पडू लागलं. पाणी डाव्या हातानं पडत होतं.

सहा दिवस त्या हातानं त्याला पाणी पाजलं होतं. त्याच्या वरचा चेहरा त्यानं कधी नीट पाहिला नव्हता. तो त्यानं तिथं पाहिला.

"कान्हू? तू इथं?"

"व्हय शेटजी. नवं आल्यालं घर हाय आमचं. पयली पाळी नव्याचीच असती."

त्यात टोमणा नव्हता, असं सांगतात. टोमणा असता तर बसलिंगशेटनं त्याला उत्तर दिलं असतं. बोलण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. त्यानं विचारलं, त्या दिवशी तुला एक शब्द बोलायचा होता, तो काय होता? कान्हू तसाच हसला आणि म्हणाला, आता त्याचं काय. पण बसलिंगशेट उठेना. तेव्हा कान्हू म्हणाला:

"तुमचं आकड्याचं चाललं व्हतं. पाटील ईस म्हनत व्हते, तुमी धा. मला एवढंच म्हनायचं व्हतं, आकडा ठरवायच्या आदी कुनीबी एकानं माजी कावड घिऊन येक खेप वर यावं. मग बारा म्हना न्हाईतर चोवीस म्हना. आमची ना न्हाई."

बसलिंगशेटनं पेटीला हात घातला. कान्हू नको नको म्हणत होता. पण त्यानं पेटी उचलली, डोक्यावर घेतली आणि घाट चढू लागला. आयुष्यात त्यानं तागडीतल्या पाच शेरांच्या पासरीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. कान्हू मागून चालत होता आणि मोकळ्या हातांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. म्हणे, पहिल्या वळणावर बसलिंगशेटच्या मनात आलं, बारा फार झाली, सहा पुरेत. दुसऱ्या वळणावर आलं, एक. तिसऱ्या वळणावर त्याच्या मनात आलं, आजच. आणि घाट अजून निम्मा बाकी होता.

तिथं तो खाली बसला आणि रडला. मग कान्हूला घरी जायला सांगून, पेटी स्वतः घेऊन, तीन दिवसांची वाट मागं चालून दरबारात गेला. भर दरबारात त्यानं सांगितलं, मी खोटं बोललो, त्यांची मान्यता नव्हती, मी त्यांना विचारलंच नाही. ठराव फिरवा.

दिवाण हे ऐकून रागावले नाहीत. ते म्हणाले, "शेट, तुमचा ठराव घेऊन स्वार परवाच निघाले. बारा वर्षं सगळ्या अंमलदारांना पसंत पडली आहेत. तुम्ही आधी 'आज' म्हणाला असता तर कदाचित दोन वर्षांवर भागलं असतं. आता बाराच्या खाली यायला कुणी तयार होणार नाही." दुकानात बसणाऱ्याला हे चटकन कळेल. आपणच सांगितलेला आकडा आपल्याला कमी करून मिळत नाही.

बसलिंगशेटनं प्रजासभेची जागा सोडली. पेटी परत केली. शाल पुढे ठेवली तेव्हा महाराजांनी ती तशीच मागे सारली. मग म्हणाले, "ती असू द्या तुमच्याजवळ."

गावात येऊन त्यानं भैरोबापुढे व्रत घेतलं. आपल्या तोंडच्या शब्दामुळे जितकी वर्षं कुणी ओझं वाहणार, तितकी वर्षं आपणही वाहायचं. एका पाथरवटाकडून त्यानं टेकडीवर ही डोणी कोरून घेतली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अकरा घागरींतल्या दोन कावडीला लावून तो वर पाणी नेई आणि डोणीत ओती. पाखरं पीत, वाटसरू पीत. दरबारची शाल त्यानं घडी करून खांद्यावर कावडीखाली चुंबळीसारखी घेतली. तिसऱ्या वर्षी तिची जर गेली, सातव्या वर्षी चिंध्या झाल्या. आणि बारा वर्षं तो कुठल्याही सभेत एक शब्द बोलला नाही. ज्याचं बोलणं ऐकायला माणसं दुकानात यायची, तो मुकाट्यानं तोलून देई. मधे एक वर्ष असा दुष्काळ पडला की पंचक्रोशीतल्या विहिरी खडखडीत झाल्या. पण बसलिंगशेट उतरला की या विहिरीत दोन घागरी बुडतील एवढं पाणी सापडेच, असं म्हणतात. खरं-खोटं भैरोबा जाणे.

बारा वर्षं भरली. वेठ मोडली. गावाला वाटलं, आता गोष्ट गोड होईल. टेकडीवर सभा ठरली. बसलिंगशेट तेव्हा म्हातारा झाला होता, एक खांदा कायमचा खाली गेला होता. तो घाटापलीकडे पाडळीला गेला. कान्हूच्या दारात त्याच्या बायकोनं, भागूनं, त्याला ओळखलं. घोंगडं टाकलं, तांब्या पुढे केला. ती म्हणाली, "घ्या शेटजी. वेठीचं न्हाई, घरचं हाय."

तो ते पाणी प्याला. मग कान्हूला म्हणाला, चल, टेकडीवर सगळा गाव बसलाय, आज तू बोल. कान्हू आधी नको म्हणाला. मग आला.

खांद्यावर काही न घेता कान्हू त्या दिवशी पहिल्यांदा टेकडी चढला. सगळा गाव उठून उभा राहिला. पाटलांनी स्वतः त्याला आपल्याजवळ बसवलं. चाळीसांतले हयात होते ते सगळे आले होते, आणि त्यांना ऐकायचं होतं. कुणाला वाटत होतं तो शिव्या देईल, कुणाला वाटत होतं तो क्षमा करील. शिव्या चालल्या असत्या. क्षमा तर फारच चालली असती. कान्हूनं अंगणाकडे पाहिलं, भरलेल्या डोणीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं.

"बोलायचं व्हतं ते बारा वर्सांमागं," तो म्हणाला. "आता तुमचं चालू द्या."

आणि उठून गेला. कोळवाड्यातली अकरा घरं करंजसरला परत आली नाहीत. बसलिंगशेट त्यानंतर दोन पावसाळे जगला. मरताना त्यानं एवढंच सांगितलं म्हणे, की टेकडीवर बोलायला उभा राहील त्याला आधी खाली पाठवा.

तेव्हापासून हे असं आहे. पुढे गावानं आपल्या हातांनी पायऱ्या घातल्या, पण घागर सुटली नाही. आजही टेकडीवर एखाद्या कायद्यावर कुणी कितीही उत्तम बोललं, तरी करंजसरमध्ये टाळी वाजत नाही. ज्यांच्यावर तो कायदा यायचा आहे ते समोर बसलेत का, हे म्हातारी माणसं एकमेकांना डोळ्यांनी विचारतात. बहुतेक वेळा ते नसतात. मग सभा ठराव न करताच उठते आणि माणसं खाली मान घालून उतरू लागतात. नव्या पाहुण्याला वाटतं, पायऱ्या अवघड आहेत म्हणून सगळे पायाखाली बघून चाललेत. आम्हीही त्याला तसंच वाटू देतो.